आठ कान, एक तोंड

देशातील तंत्रज्ञानविषयक बातम्यांना गेल्या दशकात एक ठरावीक साचा मिळाला आहे. अमुक शहरात इतके हजार सेन्सर बसले, तमुक योजनेत रोज इतके लाख संदेश गोळा होऊ लागले, सोबत नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरील झगमगत्या पडद्याचे छायाचित्र आणि पडद्यासमोर उभे असलेले मान्यवर. आकडे मोठे असतात आणि बहुधा खरेही असतात. एक आकडा मात्र या बातम्यांत सहसा सापडत नाही. नियंत्रण कक्षाने व्हॉल्व्हकडे, पंपाकडे, पथदिव्याकडे किंवा मीटरकडे जे संदेश उलट पाठवले, त्यांपैकी किती वेळेवर पोहोचले?

हा आकडा छापला जात नाही, कारण तो कोणी मागत नाही. माहिती गोळा झाली की काम झाले, अशी समजूत निविदा काढणाऱ्या कार्यालयापासून शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांपर्यंत सर्वत्र रुजली आहे. ही समजूत चुकीची आहे आणि महागही आहे. तिच्या आधारे खरेदी केलेली उपकरणे आज रस्त्याखाली, शेतात आणि पाण्याच्या टाक्यांवर बसत आहेत, आणि ती तेथे दहा वर्षे राहणार आहेत.

प्रश्न दीर्घ पल्ल्याच्या, अल्प ऊर्जेवर चालणाऱ्या बिनतारी जाळ्यांचा आहे. मातीतील ओलावा मोजणारी डबी, टाकीची पातळी सांगणारे यंत्र, पाण्याचे मीटर अशी उपकरणे एका लहान बॅटरीवर वर्षानुवर्षे चालावीत आणि त्यांचा संदेश काही किलोमीटरवर पोहोचावा, यासाठी ही जाळी निर्माण झाली. लोरावॅन हे त्यांतील सर्वाधिक परिचित नाव. त्यामागचे लोरा हे रेडिओ तंत्र मूळचे फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सायक्लिओ या लहान कंपनीचे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली, २०१५ मध्ये लोरा अलायन्स ही संघटना स्थापन झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने लोरावॅनला मानक म्हणून मान्यता दिली. भारतात हे जाळे परवानामुक्त पट्ट्यात चालते. २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला झाला, २०२१ मध्ये तो ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आला.

या जाळ्यात उपकरणाकडून मनोऱ्याकडे जाणारा संदेश म्हणजे अपलिंक आणि मनोऱ्याकडून उपकरणाकडे येणारा संदेश म्हणजे डाउनलिंक. सारा गाजावाजा अपलिंकचा आहे. डाउनलिंक हे या तंत्राचे दुबळे अंग आहे, आणि हा दुबळेपणा कोणाच्या निष्काळजीपणातून आलेला नसून रचनेतच आहे. म्हणूनच त्याचा हिशेब आधी मांडावा लागतो, नंतर नव्हे.

मनोऱ्यावर बसणाऱ्या यंत्राला गेटवे म्हणतात. लोरावॅनचे गेटवे दीर्घकाळ ज्या चिपभोवती घडवले गेले, ती सेमटेकची एसएक्स १३०१. ही चिप एकाच वेळी आठ वाहिन्यांवर, वेगवेगळ्या गतींनी येणारे संदेश ऐकू शकते. बोलते मात्र एका वेळी एकच संदेश आणि एकाच वाहिनीवर. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की सर्वसाधारण गेटवेला बोलत असताना काहीही ऐकू येत नाही. आठ कान आणि एक तोंड. आणि तोंड उघडले की आठही कान बंद.

आता गणित पाहावे. दहा बाइटांची एक लहानशी आज्ञा घेतली, तर तिच्यावर मानकाप्रमाणे किमान तेरा बाइटांचे वेष्टन चढते. सर्वांत लांब पल्ल्याच्या आणि सर्वांत मंद गतीवर, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर १२ आणि १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर, एकेका चिन्हाला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. संपूर्ण आज्ञा हवेत जवळपास १.५ सेकंद राहते. स्प्रेडिंग फॅक्टर ७ या वेगवान गतीवर तीच आज्ञा सुमारे ५७ मिलिसेकंदांत जाते. एका गेटवेच्या छायेत हजार उपकरणे दूरदूर पसरलेली असतील आणि प्रत्येकाला मंद गतीने एकदाच आज्ञा द्यायची असेल, तर गेटवेला एकूण सुमारे २५ मिनिटे बोलावे लागेल. तेवढा काळ तो बहिरा राहील, आणि त्या काळात आलेले अपलिंक संदेश वाया जातील. म्हणजे डाउनलिंकची किंमत डाउनलिंकपुरती मर्यादित राहत नाही. ती अपलिंकच्या खात्यातून वसूल होते.

दुसरी अडचण झोपेची आहे. बॅटरी टिकावी म्हणून बहुसंख्य उपकरणे 'क्लास ए' या रीतीने चालतात. उपकरण जागे होते, आपला संदेश पाठवते, एक सेकंदाने काही क्षण कान उघडते, तेव्हा काही आले नाही तर दुसऱ्या सेकंदाला पुन्हा एकदा उघडते आणि नंतर झोपी जाते. तासाला एकदा बोलणाऱ्या उपकरणाला आज्ञा द्यायची असेल, तर तासभर वाट पाहावी लागू शकते. त्या दोन क्षणांत गेटवे दुसऱ्या कोणाशी बोलण्यात गुंतलेला असेल, तर पुढच्या तासाची वाट. उपकरण सतत जागे ठेवण्याची 'क्लास सी' ही रीत उपलब्ध आहे. पण सतत ऐकण्यासाठी ५ मिलिअँपिअर जरी लागले, तरी १९ अँपिअर-तासांची दणकट लिथियम बॅटरी पाच महिन्यांत संपते. जाहिरातीतली दहा वर्षे आणि तत्काळ आज्ञापालन ही दोन आश्वासने एकाच बॅटरीवर एकत्र नांदत नाहीत. या दोहोंमध्ये 'क्लास बी' आहे: गेटवे दर १२८ सेकंदांनी दीपस्तंभासारखा एक खुणेचा संदेश देतो आणि त्यावर घड्याळ जुळवून उपकरण ठरलेल्या क्षणी ऐकते. उपाय हुशारीचा आहे, पण त्यासाठी गेटवेची घड्याळे अचूक जुळलेली हवीत, आणि निविदेत त्याचा उल्लेख नसेल तर ती कोणी जुळवत नाही.

तिसरी अडचण पोचपावतीची. आपला संदेश पोहोचला याची खात्री हवी म्हणून अनेक प्रकल्पांत प्रत्येक संदेशाची पोचपावती मागण्याचा मोह होतो. कागदावर ही सावधगिरी वाटते. प्रत्यक्षात पोचपावती हाही डाउनलिंकच, आणि तोंड एकच. पोचपावती वेळेत आली नाही की उपकरणाला वाटते आपला संदेश हरवला. ते पुन्हा पाठवते. मूळ मानकाने सुचवलेल्या पद्धतीत अशा फेरप्रयत्नांत गती टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. म्हणजे प्रत्येक पुनरावृत्ती हवेत अधिक काळ राहते, अधिक टकरा घडवते आणि आणखी पोचपावत्या मागते. मूळ संदेश पहिल्याच खेपेला पोहोचलेला असला, तरी हा सारा गोंधळ होतो. २०१७ मध्ये अलेक्झांड्रू-इओन पॉप, उस्मान रझा, पराग कुलकर्णी आणि महेश सूरियबंडारा यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला होता, की लोरावॅनमधील दुहेरी वाहतूक फायद्यापेक्षा तोटाच अधिक करते काय. गेटवेच्या बोलण्यावरील मर्यादा आणि त्यामुळे न पोहोचणाऱ्या पोचपावत्या जाळ्याची कामगिरी कशी खालावतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याला आता बरीच वर्षे लोटली. इशारा उपलब्ध नव्हता, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

तरीही हा विषय निघाला की काही ठरावीक पळवाटा पुढे केल्या जातात. त्यांचा एकेक करून समाचार घेणे आवश्यक आहे.

पहिली पळवाट: ही युरोपची रड आहे, भारताची नाही. युरोपात परवानामुक्त पट्ट्याच्या बहुतेक भागांत यंत्राला वेळेच्या एक टक्काच बोलता येते, एका भागात दहा टक्के. लोरावॅनच्या प्रादेशिक निकषांनुसार भारतीय पट्ट्यावर असे बंधन नाही आणि प्रक्षेपणशक्तीची कमाल मर्यादाही ३० डीबीएम, म्हणजे ऐसपैस आहे. हे सर्व खरे आहे. पण शक्ती वाढवल्याने पल्ला वाढतो, तोंडांची संख्या वाढत नाही. कायद्याने बोलण्यावर मर्यादा घातली नसली, तरी बोलताना ऐकू न येण्याची मर्यादा कायद्याने घातलेली नाही आणि कायद्याने ती उठतही नाही. शिवाय भारतीय निकषांत दुसऱ्या सेकंदाची खिडकी मुळात एकाच वारंवारितेवर, ८६६.५५ मेगाहर्ट्झवर उघडते. एका गल्लीत चार संस्थांची चार जाळी असतील आणि कोणीही हे मूळ मूल्य बदलले नसेल, तर चौघांच्या आज्ञा एकाच दारातून घुसण्याचा प्रयत्न करतील. बंधन नसल्यामुळे येथे संयमाची गरज युरोपपेक्षा अधिक आहे.

दुसरी पळवाट: गेटवे वाढवा. हा उपाय अर्धा बरोबर आहे. एक गेटवे बोलत असताना शेजारचा ऐकू शकतो, आणि दूरच्या उपकरणाजवळ नवा गेटवे आला की आज्ञा वेगवान गतीने जाऊ शकते. पण कोणत्या आज्ञेसाठी कोणत्या गेटवेने बोलावे, हा निर्णय मध्यवर्ती सर्व्हर घेतो. तो केवळ संकेताची ताकद पाहून दरवेळी सर्वांत सोयीचा गेटवे निवडत राहिला, तर एक गेटवे बोलून बोलून बहिरा होतो आणि शेजारचा रिकामा बसतो. गेटवेची खरेदी निविदेत असते, निवडीची ही अक्कल सहसा नसते.

तिसरी पळवाट: मोबाइल कंपन्यांचे एनबी-आयओटी आले की प्रश्न मिटेल. २०१६ मध्ये प्रमाणित झालेल्या या तंत्राला स्वतःचा परवानाधारक पट्टा आहे, वेळापत्रक आखणारा मनोरा आहे आणि त्याची डाउनलिंक क्षमता निःसंशय चांगली आहे. परंतु बॅटरी वाचवण्यासाठी तेथेही उपकरण गाढ झोपेत जाते, आणि त्या अवस्थेत मनोऱ्याला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. झोपलेल्याला हाक ऐकू येत नाही, मग ती परवानामुक्त पट्ट्यातून मारलेली असो की लिलावात विकत घेतलेल्या. तंत्र बदलले तरी आज्ञा किती वेळात पोहोचावी हे ठरवण्याची जबाबदारी टळत नाही.

चौथी पळवाट सर्वांत घातक, कारण ती सर्वांत शहाणपणाची वाटते: सेन्सरला फक्त सांगायचे असते, त्याने ऐकायचे कशाला? फ्रान्समधील सिगफॉक्स कंपनीचे जाळे नेमके या गृहीतकावर उभे होते. उपकरणाने दिवसाला १४० संदेश पाठवावेत आणि दिवसाला चारच ऐकावेत, अशी तिची मर्यादा होती. जानेवारी २०२२ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली आणि तिची मालमत्ता सिंगापूरच्या युनाबिझने घेतली. त्या अपयशाची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष डाउनलिंकवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु त्या मर्यादेत पाण्याचा व्हॉल्व्ह चालवणारे जाळे बसत नाही, हे सांगायला दिवाळखोरीची वाट पाहण्याची गरज नव्हती.

शिवाय 'फक्त सांगणाऱ्या' सेन्सरलाही ऐकावे लागतेच. जाळ्यात सामील होताना त्याला परवानगीचा संदेश लागतो. कोणत्या गतीने आणि किती शक्तीने बोलावे, हे सर्व्हर त्याला सांगतो. ते ऐकले नाही तर तो विनाकारण मंद गतीने बोलत राहतो, हवा अडवतो आणि बॅटरी जाळतो. त्याचे घड्याळ दुरुस्त करावे लागते. आणि त्याच्या आतील सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला, तर तो सुधारावा लागतो.

या शेवटच्या मुद्द्यावर थांबणे भाग आहे, कारण येथे प्रश्न सोयीचा न राहता सुरक्षेचा होतो. दहा वर्षे टिकणाऱ्या उपकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षांत एकही त्रुटी सापडणार नाही, असे मानणारा अभियंता शोधून सापडणार नाही. समजा दुरुस्तीची फाइल १०० किलोबाइटची आहे. भारतीय पट्ट्यातील स्प्रेडिंग फॅक्टर १० वर एका संदेशात ५१ बाइट मावतात, त्यांतील ४८ प्रत्यक्ष फाइलचे. म्हणजे सुमारे २१०० तुकडे आणि प्रत्येकाला ०.७ सेकंद. एका उपकरणासाठी गेटवेला सुमारे २५ मिनिटे सलग बोलावे लागते. हजार उपकरणांना एकेक करून पाठवायचे, तर १७ दिवस आणि १७ रात्री. तेवढा काळ जाळे बंद ठेवणे कोणालाही शक्य नाही, म्हणून दुरुस्ती होणारच नाही. दोष जेथे आहे तेथे दहा वर्षे राहील आणि ज्याला तो ठाऊक आहे त्याच्या हाती राहील.

पण हेच काम दुसऱ्या रीतीने करता येते. गावात सूचना द्यायची तर पूर्वी कोतवाल दारोदार जाऊन प्रत्येकाच्या कानात सांगत नसे; तो दवंडी पिटत असे. लोरावॅनमध्येही दवंडीची सोय आहे: उपकरणांचा गट करायचा, सर्वांनी ठरलेल्या वेळी कान उघडायचे आणि फाइलचे तुकडे एकदाच पाठवायचे. हरवलेले तुकडे भरून काढण्यासाठी थोडे जादा तुकडे जोडायचे. मग १७ दिवसांचे काम अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. फरक चिपचा नाही, मनोऱ्याच्या उंचीचा नाही. उपकरण विकत घेताना त्यात ही सोय आहे की नाही हे विचारले गेले होते काय, एवढाच फरक आहे. रस्त्याखाली पुरलेल्या मीटरला ही सोय नंतर शिकवता येत नाही, कारण शिकवण्यासाठीही डाउनलिंकच लागतो.

विजेच्या लपंडावाचाही विचार करावा. विजेवर चालणारे हजार पथदिवे एका गेटवेखाली आहेत. वीज गेली आणि तासाभराने आली. हजारही दिवे एकाच क्षणी जागे होतात आणि जाळ्यात सामील होण्याची परवानगी मागतात. मंद गतीवर परवानगीच्या एका संदेशाला एक सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि तोंड एकच. ज्यांना उत्तर मिळत नाही ते पुन्हा विचारतात. मानकात यावर उतारा आहे: प्रत्येकाने यादृच्छिक काळ थांबावे आणि मागण्यांचे प्रमाण उत्तरोत्तर कमी करत जावे. पण उपकरण बनवणाऱ्याने तो पाळला आहे की नाही, हे वीज घालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. भारतात ही चाचणी फुकट होते. फक्त ती प्रयोगशाळेत न होता रस्त्यावर होते.

डाउनलिंक मोजता येत नाही, ही सबबही टिकणारी नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित वीज वितरण योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यांची जाळी वेगळ्या प्रकारची, मुख्यतः मोबाइल किंवा मीटर-ते-मीटर उड्या घेणारी आहेत. पण त्या खरेदीच्या नमुना करारात ग्राहकाची वीज दुरून तोडण्याची आणि जोडण्याची आज्ञा किती वेळात अमलात यावी, याचे निकष घातलेले आहेत. म्हणजे प्रश्न वसुलीचा असतो, तेव्हा डाउनलिंक मोजता येतो, करारात लिहिता येतो आणि त्यावर सेवादाराला जबाबदारही धरता येते. मग गावाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडण्याची आज्ञा, शेतातील पंप थांबवण्याची आज्ञा, पुराचा भोंगा वाजवण्याची आज्ञा यांच्यासाठी तसाच निकष लिहिताना लेखणी का अडते? वीज तोडण्याच्या आज्ञेला जे मोल आहे, ते पाणी सोडण्याच्या आज्ञेलाही असायला हवे.

मुंबईत आजही महापालिकेचे चावीवाले ठरलेल्या वेळी रस्त्यावरील व्हॉल्व्ह हाताने फिरवतात आणि वस्तीवस्तीला पाणी सोडतात. देशातील अनेक गावांत हेच काम व्हॉल्व्हमन करतो. या माणसांचे काम हलके लेखण्याचे कारण नाही. ते या व्यवस्थेचे खरे डाउनलिंक आहेत. सेन्सरने टाकी भरल्याचे सांगितले, पडद्यावर हिरवा ठिपका उमटला आणि पुढे एका माणसाला फोन करून व्हॉल्व्ह फिरवायला सांगितले, तर त्या व्यवस्थेला स्वयंचलित म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. माणूसच ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, त्याला चांगला पगार द्यावा. पण मग त्याच्याच कामाचे श्रेय पडद्याला देऊ नये.

ज्यांना या यंत्रांचा उपयोग करायचा आहे, त्यांना हे केव्हापासून ठाऊक आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी बनवलेले 'नॅनो गणेश' हे उपकरण शेतकऱ्याला मोबाइलवरून दूरचा पंप सुरू आणि बंद करू देते. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी शेतात चकरा मारणाऱ्या माणसाला आलेखाची हौस नव्हती. त्याला घरी बसून पंपाला आज्ञा द्यायची होती आणि ती पाळली गेल्याचे कळायला हवे होते. त्याही आधी, १८९५ च्या सुमारास, जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा त्या लहरींनी भिंतीपलीकडे घंटा वाजवली आणि बारूद पेटवली. भारतातील बिनतारी विज्ञानाचा आरंभ माहिती गोळा करून झालेला नाही. तो दूरवर काहीतरी घडवून झाला आहे.

आजचे धोरणही कागदावर तेच म्हणते. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३,६६० कोटी रुपयांचे आंतरविद्याशाखीय सायबर-भौतिक प्रणाली अभियान मंजूर केले आणि त्यातून देशभरातील संस्थांत २५ तंत्रज्ञान केंद्रे उभी राहिली. सायबर-भौतिक प्रणाली म्हणजे मोजणे, विचार करणे आणि त्यानुसार कृती करणे यांचे बंद वर्तुळ. कृतीपर्यंतचा धागा तुटका असेल, तर वर्तुळ उरत नाही. तरीही या क्षेत्रातील निबंधांचे ठरलेले मोजमाप म्हणजे किती टक्के अपलिंक पोहोचले. डाउनलिंक बहुधा गृहीत धरला जातो. सिम्युलेशनमध्ये पोचपावत्या अनेकदा फुकट आणि अचूक मिळतात. अशा गृहीतकावर उभ्या असलेल्या निबंधाला परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा: हे गृहीतक काढून टाकले तर निष्कर्षाचे काय होते?

उपाय अज्ञात नाहीत, आणि त्यांतील बरेचसे स्वस्त आहेत.

एक, खरेदी. दूरनियंत्रणाचा दावा करणाऱ्या प्रत्येक निविदेत तीन अटी असाव्यात: दिलेल्या आज्ञांपैकी किती टक्के, किती वेळात अमलात आल्या याची नोंद आणि तिचा किमान निकष, गटाला एकत्र सॉफ्टवेअर दुरुस्ती पाठवण्याची सोय, आणि वीज जाऊन आल्यानंतर सर्व उपकरणे परत जाळ्यात येण्यास लागणाऱ्या वेळेची प्रत्यक्ष चाचणी. 'दुहेरी संवादाची सोय असावी' असे मोघम वाक्य लिहून भागत नाही, कारण दिवसाला एक संदेश ऐकणारे उपकरणही ती अट पूर्ण करते.

दोन, रचना. प्रत्येक संदेशाची पोचपावती मागणे बंद करावे. महत्त्वाच्या संदेशांपुरती ती ठेवावी. तत्काळ आज्ञेऐवजी आठवड्याचे वेळापत्रक एकदाच पाठवून व्हॉल्व्हला ते स्वतः पाळू द्यावे आणि डाउनलिंक केवळ बदलांसाठी राखावा. भोंग्यासारख्या, क्षणाचाही विलंब न चालणाऱ्या उपकरणाला सौर पॅनेल आणि मोठी बॅटरी देऊन सतत जागे ठेवावे. तेथे बॅटरीचे पैसे वाचवणे ही काटकसर नाही.

तीन, वर्णपट. अमेरिकेकडे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ अशी प्रशस्त जागा आहे. तेथे वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या संदेशांच्या मार्गिका वेगळ्या ठेवल्या गेल्या, आणि खाली येणाऱ्या मार्गिका ५०० किलोहर्ट्झ रुंद आहेत. त्यामुळे त्याच स्प्रेडिंग फॅक्टरवर आज्ञा चौपट वेगाने जाते. भारतात पट्टा तीनच मेगाहर्ट्झचा आणि २००५ च्या नियमांनी वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झवर बांधलेली. अमेरिकेची नक्कल येथे शक्य नाही. पण २०२१ मध्ये वाढून मिळालेल्या एका मेगाहर्ट्झचा काही भाग डाउनलिंकसाठी राखून ठेवता येईल काय, त्यातून बोलता बोलता ऐकणारे गेटवे परवडण्याजोग्या फिल्टरसह बनवता येतील काय, हे प्रश्न भारतीय प्रयोगशाळांनीच सोडवायचे आहेत. इतका अरुंद पट्टा, इतकी दाट वस्ती आणि इतकी अनिश्चित वीज यांचा संगम युरोप-अमेरिकेत नाही. म्हणून त्याचे उत्तरही तेथून येणार नाही.

चार, संशोधन. देशातील तंत्रज्ञान केंद्रांनी खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या शेतांत चाचणी-जाळी उभारून डाउनलिंकची आकडेवारी खुली करावी. अपयशाचीही. अमुक गटाच्या आज्ञा पावसाळ्यात पोहोचेनाशा झाल्या, ही नोंद सिम्युलेशनवरील आणखी एका निबंधापेक्षा अधिक मोलाची आहे.

यांपैकी काहीही न करता जाळी वाढत राहिली, तर काही वर्षांत देशाकडे पाण्याची, मातीची आणि हवेची प्रचंड आकडेवारी असेल. कोणती टाकी कोणत्या क्षणी भरून वाहू लागली, हे सेकंदाच्या अचूकतेने सांगता येईल, आणि पाणी तरीही वाहतच राहील. तेव्हा पुन्हा चौकशी होईल, नव्या निविदा निघतील आणि जमिनीत पुरलेली उपकरणे उकरून नवी पुरली जातील. तो खर्च टाळण्याची वेळ आज आहे, आणि सुरुवातीला फार काही लागत नाही. पुढच्या उद्घाटनाच्या वेळी पडद्यासमोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला एखाद्या वार्ताहराने एवढेच विचारावे, की शेवटची आज्ञा केव्हा पाठवली, ती पाळली गेली हे कशावरून कळले, आणि मध्ये किती वेळ गेला.